प्रार्थनेस जागा

‘शेजार’ या विषयावर प्रत्यक्ष हिंडून काही लिहावे, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा ज्या भागात माणसे परस्परांच्या भिंतीस भिंत लावून, किंबहुना एकाच्या छताची दुसऱ्यास जमीन करून राहू लागली आहेत, आणि तरीही ज्यांच्यात शेजारधर्माचा जाबता अद्याप ठरावयाचा आहे, त्या घोडबंदर रोडची निवड करणे मला इष्ट वाटले. माजिवड्याच्या नाक्यापासून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी गावे मागे टाकीत गायमुखाकडून खाडीच्या दिशेने उतरणारा हा रस्ता, एका बाजूस येऊरच्या डोंगराचे अरण्य आणि दुसऱ्या बाजूस खारफुटीने वेढलेली वसईची खाडी, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो. एका पिढीपूर्वी येथे भाताची खाचरे होती, आगरी-कोळ्यांची गावठाणे होती, आदिवासींचे पाडे होते आणि कोलशेत-बाळकुमच्या अंगास रासायनिक कारखाने होते. बायर आणि क्लॅरियंट यांसारख्या कंपन्यांनी सोडलेल्या कोलशेतच्या जमिनींवर आज पंचवीस-तीस मजल्यांची संकुले उभी आहेत आणि रस्त्याच्या मध्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत.

शुक्रवारी दुपारी या रस्त्याच्या एखाद्या आतल्या गल्लीत, टाइल्सच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांच्या ओळीत, अर्धे शटर वर केलेला एखादा गाळा दिसतो, ज्याच्यावर पाटी नसते. बाहेर चपला-बुटांच्या रांगा लागलेल्या असतात, कडेने रिक्षा उभ्या असतात, नळाखाली कोणी हातपाय धुऊन वुजू करीत असतो. आत येणाऱ्यांत बांधकामावरचे गवंडी असतात, जिन्नस पोहोचविणारी पोरे असतात, मॉलचे पहारेकरी असतात, आणि गळ्यात ओळखपत्र अडकविलेले संगणकक्षेत्रातले तरुणही असतात. जागा अपुरी म्हणून कित्येकदा एक जमात उठते आणि दुसरी बसते. अर्ध्या-पाऊण तासात सारे आटोपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि गाळा पुन्हा शेजारच्या गाळ्यांसारखा दिसू लागतो. त्या गाळ्याला मशीद म्हणत नाहीत. ‘नमाजची जागा’ एवढेच म्हणतात, आणि तेही हलक्या आवाजात. आपल्या देवापुढे मस्तक टेकविण्याची जागा ज्या नागरिकास हलक्या आवाजात सांगावी लागते, त्याच्या स्वातंत्र्यात काहीतरी उणे आहे, असे मला मनापासून वाटते. आणि ते उणे नेमके कोठे आहे, याचा शोध घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

गावठाण आणि संकुल

या पट्टीतील उपासनास्थळांचे तीन थर आहेत. पहिला थर गावठाणाचा. गावदेवीचे, मारुतीचे, शंकराचे देऊळ, क्वचित एखाद्या पिराची कबर. ही स्थाने नगररचनेच्या कायद्याहून जुनी. त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सापडली तर सापडते, नाहीतर गावाच्या वहिवाटीवर ती उभी असतात आणि त्यांच्याविषयी कोणी काही विचारीत नाही. दुसरा थर संकुलांचा. मोठ्या संकुलाच्या उद्यानात किंवा पोडियमवर विकासकाने अथवा रहिवाशांनी बांधलेले गणपतीचे वा साईबाबांचे छोटे मंदिर असते. संध्याकाळी तेथे आरती होते, वृद्ध मंडळी बाकांवर बसतात, नवीन आलेल्या कुटुंबाची ओळख बहुधा तेथेच होते. तिसरा थर भाड्याच्या गाळ्यांचा, सभागृहांचा आणि दिवाणखान्यांचा. मुसलमानांची नमाज तेथे होते, ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनासभा तेथे होतात, अन्य लहान पंथांचे सत्संगही तेथेच भरतात.

या तिन्ही थरांपैकी नगररचनेच्या मंजूर नकाशात रीतसर उमटलेला असा एकही नाही, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा सारा वाद कळावयाचा नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये जो विकास आराखडा तयार होतो, त्यात शाळा, क्रीडांगण, मंडई, दवाखाना, स्मशानभूमी, दफनभूमी अशी आरक्षणे असतात. माणूस शिकेल, खेळेल, बाजार करील, आजारी पडेल आणि मरेल, हे नगररचनाकाराने गृहीत धरलेले असते. तो प्रार्थना करील, हे मात्र त्याने प्रायः धरलेले नसते. ठाण्याच्या खाडीपलीकडे सिडकोने नवी मुंबईत धार्मिक वापराचे भूखंड राखून ते नोंदलेल्या न्यासांना भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत ठेविली. तीतही तंटे होतात, तथापि तंटा करावयास निदान भूखंडाचा एक क्रमांक तरी असतो. घोडबंदरच्या पट्टीत शहर खासगी जमिनींवर, संकुलामागून संकुल असे वाढले. येथे ज्याची बहुसंख्या त्याचे देऊळ संकुलाच्या सामाईक जागेत सहजगत्या उभे राहते, कारण सर्वसाधारण सभेत हात वर करणारे तेच असतात. आणि ज्याची वस्ती चारशे सदनिकांत आठ-दहा घरांची, त्यास बाहेरचा गाळा पाहावा लागतो.

आता कायद्याने मशीद बांधावयाची झाल्यास काय करावे लागते, तेही सांगितले पाहिजे. प्रथम निर्वेध मालकीची जमीन हवी; रस्त्यालगतच्या जमिनीचा या भागातील भाव पाहता रिक्षावाल्यांच्या आणि छोट्या नोकरदारांच्या वर्गणीतून ती घेणे हे आधीच दुष्कर. त्यानंतर न्यासाची नोंदणी, बिनशेतीची बाब, 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नकाशे, अग्निशमनाचा दाखला, वाहनतळाची तजवीज. आणि सार्वजनिक उपासनेची इमारत म्हटली की पोलिसांचीही संमती. ही शेवटची पायरी सर्व धर्मांना सारखी लिहिलेली आहे, परंतु सर्वांना सारखी चढावी लागत नाही. कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने हरकत आहे काय, असा प्रश्न पोलिस अंमलदारापुढे येतो. आणि मोर्चा निघण्याचा संभव असेल तर हरकत आहे, असे उत्तर देणे त्यास सोयीचे असते. अशा रीतीने ज्याने मोर्चाची धमकी द्यावी त्याच्याच हाती नकाराची किल्ली जाते. हा दोष कायद्याच्या शब्दांत सापडणार नाही. तो अंमलात आहे, आणि म्हणूनच तो हटविणे अधिक कठीण आहे.

गाळ्यात नमाज पढणे हाही नियमाने पाहता वापरबदल ठरू शकतो. कोणी तक्रार केली की नोटीस येते, गाळामालक घाबरतो, भाडेकरार संपविला जातो, आणि जमात पुढच्या गल्लीत जागा शोधू लागते. मात्र त्याच ओळीतल्या गाळ्यात शिकवणीचे वर्ग आणि व्यायामशाळा चालतात, आणि त्यांच्याविषयी तशी तक्रार सहसा होत नाही.

160 पासून 17,610 पर्यंत

ठाण्याच्या या अंगाचे जे प्रकरण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ते ‘परदेशी बाबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्ग्याचे. बोरिवडे गावाचे नाव धारण करणाऱ्या एका गृहनिर्माण कंपनीचे म्हणणे असे की, तिच्या मालकीच्या जमिनीवर दर्ग्याच्या न्यासाने अतिक्रमण करून परवानगीवाचून बांधकाम वाढविले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ते अनधिकृत बांधकाम पाडण्याचा आदेश दिला. बांधकामाचे क्षेत्र 17,610 चौरस फूट असल्याचे सांगितले गेले. जूनमध्ये न्यास सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यासाच्या वकिलांनी असे निदर्शनास आणले की, याच जमिनीसंबंधी कंपनीने लावलेला दिवाणी दावा त्याच एप्रिल महिन्यात फेटाळला गेला होता आणि ती गोष्ट उच्च न्यायालयाला सांगण्यात आली नव्हती. प्रतिपक्षाच्या वकिलांनी सांगितले की, 160 चौरस फुटांचे स्थान वाढत वाढत सतरा हजारांवर गेले, आणि त्या वाढीस महानगरपालिकेची मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सात दिवस ‘जैसे थे’ राखण्यास सांगून न्यासाला पुन्हा उच्च न्यायालयाकडे जाण्याची मुभा दिली.

हे प्रकरण दोन्ही बाजूंच्या सोयीचे नाही, आणि म्हणूनच ते मला विचारार्ह वाटते. प्रतिपक्षाचे आकडे खरे धरले, तर एका खोलीएवढ्या स्थानाचे सतरा हजार फुटांचे बांधकाम होते ते केवळ श्रद्धेच्या बळावर होत नाही. कोणीतरी भिंती घालतो, कोणीतरी वीजजोडणी देतो, कोणीतरी नोटीस काढून ती दप्तरात ठेवतो. परवानगीवाचून वाढलेल्या बांधकामाचे समर्थन धर्मस्वातंत्र्याच्या नावाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केल्याने ज्या जमातीस कायद्याच्या आधाराची सर्वाधिक निकड, तिचाच आधार पोखरला जातो. परंतु त्याच न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, दाव्याचा निकाल न सांगता मिळविलेला आदेश हा कायद्याच्या राज्याचा विजय नव्हे.

आणि अनधिकृतपणाचे म्हणावे, तर या जिल्ह्यात तो कोणा एका धर्माचा इजारा नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्यानजीक लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे मेली. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या 65 इमारती पाडण्याविषयी उच्च न्यायालयास 2024 मध्ये आदेश द्यावा लागला, आणि त्यांत घरे घेतलेली शेकडो सामान्य कुटुंबे रस्त्यावर येण्याच्या भीतीने हवालदिल झाली. नवी मुंबईत पावणे येथील औद्योगिक वसाहतीच्या जमिनीवरील बावखळेश्वराचे मंदिर 2018 मध्ये न्यायालयाच्या आदेशानेच पाडावे लागले. रस्त्यावर वा सार्वजनिक जागेत यापुढे मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा या नावाखाली अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. आणि पूर्वीच्या बांधकामांपैकी कोणती नियमित करावयाची, कोणती हटवावयाची आणि कोणती अन्यत्र न्यावयाची, हे ठरविण्याची रीत महाराष्ट्र शासनाने 2011 च्या निर्णयाने घालून दिली. या याद्यांवर सर्व धर्मांची स्थळे आहेत. पण यादीतल्या कोणत्या ओळीवर आधी बोट ठेवले जाते, हे सभांतून आणि मोर्चांतून ठरू लागले, म्हणजे यादी समान असूनही न्याय समान राहत नाही. खाडीच्या मुखाकडे, उत्तन येथील बालेशाह पीर दर्ग्याच्या बाबतीतही मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘जैसे थे’चा आदेश द्यावा लागला, तेव्हा तो दर्गा पाडण्याची तारीख आधीच लोकांच्या तोंडी झाली होती.

सनद आणि वहिवाट

या भूमीस धार्मिक निर्बंधांची आणि धार्मिक मोकळिकीची अशी दोन्ही प्रकारची स्मृती आहे. पोर्तुगीज अंमलात वसई-साष्टीच्या प्रांतात हिंदूंच्या सार्वजनिक उपासनेवर निर्बंध होते, देवळे पाडली गेली, देव खाडीपार न्यावे लागले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 मध्ये ठाणे आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांच्या ताब्यात आली; आणि वसईच्या शरणागतीच्या वेळी जे तहनामे झाले, त्यांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक मान्य करण्यात आली. ज्यांच्या बापजाद्यांनी छळ सोसला होता, त्यांच्या सैन्याने विजयाच्या क्षणी हे कलम मान्य केले, ही गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या शाळांतून शिकविण्याजोगी आहे.

त्याहून मागे गेल्यास, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने, शिवछत्रपतींनी मुलखातील देवस्थानांप्रमाणेच पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती व नैवेद्य स्थान पाहून चालविल्याची नोंद केली आहे. आणि केळशीच्या याकूतबाबाच्या स्थानास चालत आलेल्या इनामाचे कागद इतिहाससंशोधकांना परिचित आहेत. पेशवाईतही पिरांच्या उरुसाचे आणि दिवाबत्तीचे खर्च सरकारी हिशेबात पडत. त्या काळी राज्यकर्त्यास धर्मनिरपेक्षतेचा सिद्धान्त ठाऊक नव्हता, पण रयतेच्या देवाचा दिवा विझू देऊ नये हा राजधर्म त्यास ठाऊक होता.

अडचण अशी की, सनद ज्याच्यापाशी आहे तो सुखी. पण पुष्कळ स्थाने सनदेवाचून, केवळ वहिवाटीवर उभी असतात. गावच्या मारुतीस मालकीहक्काचा कागद कोणी मागत नाही, तसा पूर्वी पिरासही कोणी मागत नसे. मुसलमानी धर्मादायात दीर्घ वापरानेच जागा वक्फ होते, असे तत्त्व न्यायालयांनी मानले होते. 2025 च्या वक्फ सुधारणा कायद्याने ते पुढील काळासाठी काढून टाकले, आणि त्या कायद्यातील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतरिम स्थगिती दिली असली, तरी यापुढे ‘येथे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नमाज पढतो’ एवढ्यावर नवे स्थान वक्फ ठरणार नाही. नोंदी स्वच्छ असाव्यात, हे मला मान्य आहे. वक्फच्या मिळकती विश्वस्तांनीच विकून खाल्ल्याची उदाहरणे मुसलमान समाजातले विचारी लोकच सांगतात. परंतु वहिवाटीचे दार बंद करावयाचे असेल, तर परवानगीचे दार उघडे असले पाहिजे. दोन्ही बंद केल्यावर माणसाने जावे कोठे?

दुर्गाडी आणि मलंगगड

ठाण्याहून कल्याणकडे गेल्यास या प्रश्नाचे दुसरे, अधिक जुने रूप दिसते. 1657 मध्ये शिवाजीराजांनी कल्याण घेतले आणि येथेच मराठी आरमाराचा पाया घातला गेला, असे आपण शाळेत शिकलो. खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्यावर देवीचे मंदिर आहे आणि त्याच टेकडीवर इदगाहही आहे, जेथे ईदेची नमाज होते. बकरी ईदेच्या नमाजाच्या वेळी मंदिराकडे जाण्याचा मार्ग बंद ठेवण्यात येतो, आणि त्याच्या निषेधार्थ आनंद दिघे यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केलेले घंटानाद आंदोलन आजही होत असते. मालकीचा दावा एका मुस्लिम न्यासाने 1976 मध्ये लावला. तो कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फेटाळला आणि जागा शासनाची असल्याचा निर्वाळा दिला. एका दाव्यास अठ्ठेचाळीस वर्षे लागली. या अवधीत दोन्हीकडच्या मुलांच्या दोन पिढ्या, ईद म्हणजे बंदोबस्त, हे समीकरण पाहत वाढल्या. न्यायालयाच्या निकालाने जमिनीचा प्रश्न सुटला तरी ते समीकरण लगेच सुटणार नाही.

मलंगगडाची गोष्ट याहून निराळी आणि मला अधिक प्रिय आहे. कल्याणच्या दक्षिणेस त्या डोंगरावर हाजी अब्दुल रहमान उर्फ हाजी मलंग यांची समाधी मानली जाते. तिचा वंशपरंपरागत सांभाळ पेशवाईपासून केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. माघी पौर्णिमेस यात्रा भरते, पालखी निघते, चंदन लागते, मुजावर आणि पुजारी यांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात. हे स्थान नाथपंथी मच्छिंद्रनाथांचे, असा दावा करून ऐंशीच्या दशकात येथेही आंदोलन उभे राहिले, आणि जानेवारी 2024 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ‘मलंगगडमुक्ती’चा उच्चार केल्याने तो विषय पुन्हा तापला. मला त्या डोंगरावर नवस फेडावयास आलेल्या आगरी आणि मुसलमान स्त्रिया एकाच पायरीवर दम घेत बसलेल्या दिसल्या, तेव्हा मुक्ती कोणाची कोणापासून करावयाची, हे मला उमगले नाही. स्थान नाथांचे असो वा हाजींचे. दोन समाजांनी शतकानुशतके एकत्र राखलेली वहिवाट हीच तेथील सर्वांत मौल्यवान मिळकत आहे, आणि ती कोणत्याही एका पक्षाच्या नावे फेरफार करून मिळण्याजोगी नाही.

मशिदीवाचून नमाज

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. सव्विसाव्याने धर्मसंप्रदायांस संस्था स्थापण्याचा आणि मिळकत बाळगण्याचा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा या हक्कांना आहे. 1954 मध्ये शिरूर मठाच्या आणि मुंबई राज्यातून गेलेल्या रतिलाल गांधींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, धर्म म्हणजे केवळ मनातला विश्वास नसून त्यातून निघणारे आचारही धर्माच्या संरक्षणात येतात. त्यातूनच ‘अत्यावश्यक आचार’ कोणते, हे न्यायालयाने ठरविण्याची रीत पुढे आली. आणि त्या रीतीचा कस लागला तो 24 ऑक्टोबर 1994 च्या इस्माइल फारुकी निकालात. अयोध्येतील जमीन संपादन करण्याच्या संदर्भात बहुमताने असे म्हटले गेले की, मशीद ही इस्लामच्या आचरणाचा अत्यावश्यक भाग नाही आणि नमाज कोठेही, उघड्यावरही पढता येते. 2018 मध्ये हे मत मोठ्या पीठाकडे सोपवावे, अशी मागणी झाली. दोन न्यायमूर्तींनी ती नाकारली आणि ते विधान केवळ संपादनाच्या संदर्भातले असल्याचे सांगितले, तर न्यायमूर्ती अब्दुल नझीर यांनी भिन्नमत नोंदविले.

संदर्भ कोणताही असो, ते वाक्य आता रस्त्यावर आले आहे. गाळ्याची तक्रार करणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाकडूनही ते ऐकावयास मिळते: नमाज कोठेही चालते, मग मशीद हवी कशाला? आणि उघड्यावर, मैदानात वा पदपथावर कोणी नमाजास उभे राहिले, की तेच गृहस्थ म्हणतात, सार्वजनिक जागेत कशाला? माझ्या वारकरी आजोळी पांडुरंग घरच्या देव्हाऱ्यातही होता. म्हणून पंढरीचे देऊळ अनावश्यक आहे, असे कोणी म्हटले असते तर माझ्या आजोबांना ते असह्य झाले असते. मुसलमानास शुक्रवारची नमाज जमातीने, म्हणजे एकत्र, पढावयाची असते. एकत्र येण्यास जागा लागते. जागेस छत लागते. या साध्या तर्कास शास्त्राधाराची गरज नाही.

कर्णा, मंडप आणि रस्ता

संकुलांतील रहिवाशांचे आक्षेप मी आदराने ऐकले, कारण त्यांतले सारेच द्वेषातून आलेले नाहीत. अजानचा आवाज, शुक्रवारची कोंडी आणि सदनिकेचा भाव पडण्याची भीती, असे त्यांचे प्रायः तीन विषय असतात. पहिल्या विषयावर कायदा निःसंदिग्ध आहे, आणि तो ठाणेकरांच्याच खटपटीने अधिक पक्का झाला आहे. डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये जो सविस्तर निर्णय दिला, त्यात ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे सांगून मशिदींवरचे कर्णे आणि रस्ता अडविणारे उत्सवमंडप यांस एकच दंडक लावला गेला. 2022 च्या एप्रिलमध्ये राज ठाकरे यांनी प्रथम शिवाजी पार्कवर कर्ण्यांविरुद्ध इशारा दिला आणि मग ठाण्याच्या सभेत मुदत दिली, तेव्हा बोलणे एकाच बाजूचे झाले. निर्णयाची दुसरी बाजू, म्हणजे मंडपांची, त्या गदारोळात ऐकू आली नाही. घोडबंदरच्या गाळ्यांत, मी पाहिले तेथे, कर्णा मुळीच नव्हता. वेळ मोबाइलवरच्या सूचनेने कळते.

कोंडीचा आक्षेप अधिक गंभीर. हा रस्ता अवजड वाहनांनी, मेट्रोच्या कामाने आणि खड्ड्यांनी इतका गांजलेला आहे की, त्यात शुक्रवारच्या शंभर दुचाकींचा भार कोणास नको वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे मला न्यू जर्सीतले एक उदाहरण आठवते, जे तेथील मराठी कुटुंबांनी जवळून पाहिले असेल. बर्नार्ड्‌स नामक गावात बास्किंग रिज येथील मुसलमानांनी मशिदीसाठी रीतसर अर्ज केला. सुनावण्यांची मालिका वर्षानुवर्षे चालली, आणि वादाचा मुख्य मुद्दा झाला तो वाहनतळाचा: चर्चसाठी जितक्या गाड्यांची जागा पुरेशी मानली जाई, त्याहून कितीतरी अधिक मशिदीसाठी मागितली गेली. न्यायालयाने ही विषमता ओळखली आणि 2017 मध्ये गावाने सव्वातीन दशलक्ष डॉलर देऊन तडजोड केली. स्वित्झर्लंडने मात्र 29 नोव्हेंबर 2009 रोजी सार्वमत घेऊन नवे मिनार बांधण्यास संविधानातच बंदी घातली. साऱ्या देशात तेव्हा मिनार होते चार. दोन्हीकडे लोकशाहीच होती. फरक एवढाच की, एकीकडे अल्पसंख्याकाच्या अर्जास न्यायालयात मोजमाप मिळाले आणि दुसरीकडे त्याच्या उपासनेचे रूप बहुसंख्येच्या मतपेटीत टाकले गेले. वाहनतळ हवाच, पण मंगल कार्यालयास जे माप, चर्चला जे माप, देवळाला जे माप, तेच मशिदीस असावे.

भाव पडण्याच्या भीतीविषयी मी अधिक लिहीत नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून मुंब्र्यास गेलेल्या कुटुंबांनी त्या भीतीची किंमत आधीच मोजली आहे. संमिश्र वस्तीत मशीद नको, आणि मुसलमान एकाच मोहल्ल्यात का राहतात, हे दोन प्रश्न एकाच तोंडून येऊ नयेत, एवढीच माझी विनंती आहे.

हरकती व सूचना

ठाण्याच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला: कोणाच्या इमारतीवरून रस्ता गेला होता, कोणाच्या शेतावर आरक्षण पडले होते. उपासनेसाठी भूखंड राखावेत, ते अर्ज मागवून, वस्तीच्या प्रमाणात, सर्व धर्मांच्या नोंदलेल्या न्यासांना सारख्या अटींवर द्यावेत, पोलिसांची संमती मुदतीत आणि कारणे लिहून द्यावी वा नाकारावी, अशी सूचना करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास होता. गाळ्यातल्या जमातीच्या एका वयस्क विश्वस्तांना मी विचारले की, तुम्ही ती केली काय? ते म्हणाले, अर्ज केला की नाव छापून येते, नाव आले की फलक लागतात, फलक लागले की हा गाळाही जातो. म्हणून आम्ही अर्ज करीत नाही. नगररचनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला याच्या उलट सांगितले: अर्ज आलेच नाहीत, मग गरज आहे हे दप्तरास कळावे कसे? दोघेही खरे बोलत होते, आणि या दोन खऱ्यांच्या मधल्या जागेत ती निनावी शटरे उघडत आणि मिटत आहेत.

त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका संकुलाच्या सेक्रेटरींपाशी मी हा विषय काढला. गाळ्याविरुद्धच्या एका तक्रारीवर पूर्वी त्यांचीही सही होती, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. सर्वधर्मीय भूखंडाच्या मागणीवर सोसायटीची सही मिळेल काय, असे विचारता त्यांनी कपाटातून मंजूर नकाशाची गुंडाळी काढून टेबलावर पसरली आणि पोडियमवरच्या गणपतीच्या मंदिराची जागा बोटाने शोधली. नकाशात तेथे हिरवळ दाखविलेली होती. मागणी करावयाचीच, तर तीत आमचे मंदिरही घालावे लागेल, ते म्हणाले, आणि हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे त्यांनी कबूल केले.